विश्वेश्वरय्यांच्या धरणातली सुरखी

दर वर्षी १५ सप्टेंबरला एक फोटो कपाटातून बाहेर येतो. डोक्यावर म्हैसुरी पेटा, बंद गळ्याचा कोट, सरळ नजर. फोटो पुसला जातो, हार घातला जातो, दोन भाषणं होतात, सिव्हिलवाले आणि मेकॅनिकलवाले 'खरे इंजिनिअर कोण' यावर एकमेकांना टोमणे मारतात, समोसा आणि चहा होतो. दुसऱ्या दिवशी फोटो परत कपाटात! इंजिनिअर्स डे संपला. या फोटोतल्या माणसाचं नाव आपल्या सगळ्यांना पाठ आहे, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पण त्यांनी नेमकं काय केलं असं कोणी व्हायवात विचारलं, तर आपल्यातले बहुतेक जण 'धरण बांधलं' एवढं सांगून खाली बघतील.

या लेखात मी त्यांचं चरित्र सांगणार आहे, पण जरा वेगळ्या बाजूने. एका पावडरीच्या बाजूने! मी सिव्हिलची विद्यार्थिनी. आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट दगडाच्या चुरीवर आहे. खडी क्रशरवर दगड फोडताना जो बारीक चुरा उरतो, तो काँक्रीटमध्ये वाळूऐवजी कितपत चालतो, हा विषय. टॉपिक फायनल झाला तेव्हा आमच्या गाइड सरांनी आधी कृष्णराजसागर धरणाच्या मसाल्याबद्दल वाचून यायला सांगितलं. चुरीचा आणि म्हैसूरच्या धरणाचा काय संबंध, हे तेव्हा आम्हाला कळेना. वाचत गेले आणि फोटोतला माणूस हळूहळू हलायला लागला. मराठी मला शाळेत सेकंड लँग्वेज होती, त्यामुळे भाषा थोडी सरमिसळ वाटेल. कँटीनची भाषा समजून गोड मानून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगते. विश्वेश्वरय्यांच्या नावावर मेणबत्तीच्या, रेल्वेच्या रुळांच्या अशा बऱ्याच गोष्टी फिरत असतात. त्या खऱ्या असतील किंवा नसतील, मी त्या इथे घेतलेल्या नाहीत. त्यांचं काम त्या गोष्टींपेक्षा जास्त इंटरेस्टिंग आहे.

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी या छोट्या गावात, चिक्कबळ्ळापूरजवळ. तारीख १५ सप्टेंबर. साल कुठे १८६१ देतात, कुठे १८६०. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे पंडित. घरात विद्या होती, पैसा नव्हता. वडील ते लहान असतानाच गेले. पुढचं शिक्षण बंगळूरला मामांच्या आधाराने झालं. सेंट्रल कॉलेजमध्ये शिकताना ते शिकवण्या करून खर्च भागवत. आपल्या हॉस्टेलमध्येही असे दोन-तीन जण आहेतच, संध्याकाळी दहावीची ट्यूशन घेऊन मेसचं बिल भरणारे. त्यांनी हे वाक्य जरूर वाचावं!

बीए झाल्यावर म्हैसूर सरकारची स्कॉलरशिप मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. आपण ज्याला सीओईपी म्हणतो तेच हे कॉलेज. १८८३ मध्ये ते एलसीई परीक्षेत पहिले आले. मुंबई सरकारने त्यांना पीडब्ल्यूडीत असिस्टंट इंजिनिअर म्हणून घेतलं आणि १८८४ मध्ये त्यांची नोकरी सुरू झाली. म्हणजे कन्नड घरात वाढलेला हा मुलगा इंजिनिअर झाला तो आपल्या महाराष्ट्रात. नाशिक, खानदेश, धुळे, पुणे ही त्यांची पहिली साईट. खानदेशात पांझरेच्या एका प्रवाहाखालून पाइपचा सायफन नेण्याचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा ते विशी ओलांडलेले नवखे इंजिनिअर होते. पावसाळ्यात नदीला पूर, गाळ, अडलेले रस्ते. कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये 'साईटवर जाणार का' असं विचारल्यावर आपले चेहरे कसे होतात ते आठवा.

१८९४-९५ च्या सुमारास त्यांना सिंधमध्ये सक्कर इथे पाठवलं गेलं. सिंधू नदीचं पाणी गढूळ, आणि ते गाळायला फिल्टर बेड बांधावेत तर म्युनिसिपालिटीकडे पैसे नाहीत. त्यांनी काय केलं? नदीच्या पात्रातच, काठाजवळ विहीर खोदली. नदीचं पाणी वाळूतून झिरपत झिरपत विहिरीत यायचं, आणि येताना आपोआप गाळलं जायचं. पुढे पात्राखालून बोगदा काढून ते पाणी आणखी वाढवलं. वाळू नदीनेच आणून टाकलेली होती, फुकट! पण वाळूतून पाणी किती येईल, शहराला पुरेल का, याचा हिशेब कोणीतरी करायला हवा होता. तो त्यांनी केला. मला त्यांच्या सगळ्या आयुष्याची किल्ली इथे सापडली. हाताशी जे आहे ते वापरायचं, पण मोजून.

हीच गोष्ट पुण्यात पुन्हा दिसते. खडकवासल्याचं धरण आधीच बांधलेलं होतं, पण पुण्याची गरज वाढत होती आणि दर पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाहून जायचं. धरण उंच करायचं म्हणजे जुन्या दगडी भिंतीवर जास्त भार आणि भरपूर खर्च. विश्वेश्वरय्यांनी धरणाला हात न लावता सांडव्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत चढलं की दरवाजे स्वतःच उघडायचे आणि पातळी उतरली की बंद व्हायचे. १९०३ मध्ये ते बसवले गेले. साधारण ८ फूट जास्त पाणी त्याच तलावात राहू लागलं. या दरवाजांचं पेटंट त्यांच्या नावावर झालं, पण सरकारी नोकरीत असताना केलेलं काम म्हणून त्यांनी त्याची रॉयल्टी घेतली नाही.

त्याच काळात दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. कालव्याचं पाणी थोड्या ऊसवाल्यांनीच संपवायचं की जास्त गावांना पाळीपाळीने द्यायचं, हा प्रश्न तेव्हाही होता. जमिनीचे ब्लॉक पाडून, पिकांचा फेरा ठरवून पाणी वाटायचं असं त्यांनी सुचवलं. सुरुवातीला शेतकऱ्यांनी विरोध केला, नंतर पद्धत रुळली. आपल्या मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकरमागे धावणाऱ्यांना हा वाद शंभर वर्षं जुना वाटणार नाही.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला मुसी नदीला महापूर आला आणि हैदराबाद शहराचा मोठा भाग वाहून गेला. निजामाच्या सरकारने त्यांना सल्लागार म्हणून बोलावलं. आपलं शहर, म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद, त्याच निजाम संस्थानात होतं हे लक्षात घ्या. पूर शहरात आल्यावर अडवण्यापेक्षा वरच्या अंगाला तलाव बांधून तिथेच धरून ठेवायचा, असा त्यांचा उपाय होता. पुढे मुसीवर उस्मानसागर आणि इसीवर हिमायतसागर झाले. पूर आवरला आणि शहराला प्यायचं पाणीही मिळालं.

१९०९ च्या नोव्हेंबरमध्ये ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले. आता येतं ते धरण.

म्हैसूरजवळ कन्नंबाडी गावापाशी कावेरीवर मोठं धरण बांधायची योजना होती. कोलारच्या सोन्याच्या खाणींना शिवसमुद्रमहून वीज जात होती, पण उन्हाळ्यात नदी आटली की वीज कमी पडायची. शिवाय मंड्याकडचा भाग दुष्काळी. खर्चाचा आकडा बघून संस्थानातलेच लोक बिचकले. खालच्या अंगाच्या मद्रास सरकारने पाण्यावरून हरकत घेतली; तो वाद पुढे १९२४ च्या करारापर्यंत चालला. महाराजा चौथे कृष्णराज वडियार पाठीशी उभे राहिले आणि १९११ मध्ये काम सुरू झालं.

सुमारे ४० मीटर उंच आणि अडीच किलोमीटरहून लांब दगडी भिंत. दगड तिथेच होता. पण दगड एकमेकांना धरून कशाने ठेवायचा? आज आपण फोन करून सिमेंटचा ट्रक मागवतो. १९११ मध्ये भारतात सिमेंट जवळजवळ बनतच नव्हतं. मद्रासला १९०४ मध्ये एक छोटा प्रयत्न झाला होता. पोरबंदरचा कारखाना सुरू व्हायला १९१४ उजाडलं. चांगलं सिमेंट म्हणजे बोटीतून आलेलं, परदेशी आणि महाग. एवढ्या मोठ्या भिंतीला ते परवडणारं नव्हतं.

म्हणून कृष्णराजसागरच्या दगडी बांधकामात वापरली गेली सुरखी. सुरखी म्हणजे भाजलेल्या मातीची बारीक पूड, साध्या शब्दांत विटांची भुकटी. ती चुन्यात मिसळून मसाला करायचा. आपल्या जुन्या लोकांना ही गोष्ट नवी नव्हती. गावाकडे एखाद्या पडक्या वाड्यापाशी दगडी चाक आणि गोल चर दिसतो ना, ती चुन्याची घाणी. बैल फिरायचा, चाक फिरायचं आणि मसाला मळला जायचा. हीच जुनी वस्तू विश्वेश्वरय्यांच्या धरणात इंजिनिअरिंगच्या हिशेबात बसली.

इथे थोडी केमिस्ट्री सांगते, फर्स्ट इयरवाल्यांनी पळू नये! नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो. जाड भिंतीच्या पोटात हवाच पोचत नाही आणि पाण्याखाली तर नाहीच. म्हणजे धरणाला नुसता चुना कुचकामी. पण माती ठरावीक तापमानाला भाजली की तिच्यातल्या सिलिका आणि ॲल्युमिनाची रचना विस्कटते आणि ती चुन्याशी पाण्यात रिॲक्शन करायला तयार होते. त्यातून जो पदार्थ बनतो तोच साधारणपणे सिमेंटलाही ताकद देतो. अशा पावडरीला पोझोलाना म्हणतात. रोमन लोक इटलीतल्या पोत्सुओली गावाची ज्वालामुखीची राख वापरायचे, त्यावरून हे नाव पडलं. गंमत म्हणजे माती कमी भाजली तरी सुरखी वाईट आणि फार भाजली तरी वाईट, कारण जास्त तापली की रचना पुन्हा घट्ट बसते आणि रिॲक्शन होत नाही. म्हणजे कुठल्याही विटेचा चुरा टाकला की झाली सुरखी, असं नाही. भट्टी, चाळणी, चुन्याचं प्रमाण, मळणी, सगळं तपासावं लागतं.

सुरखीच्या मसाल्याची ताकद हळूहळू येते. आपण क्यूबची टेस्ट ७ आणि २८ दिवसांनी घेतो. हा मसाला महिनोन्महिने घट्ट होत राहतो. घाईच्या माणसाचं ते काम नाही. पण धरण काही वर्षं बांधलं जाणारच होतं, तेव्हा हळू घट्ट होणं चालणार होतं. उलट अशा मसाल्यात उष्णता कमी निघते, म्हणून जाड बांधकामात भेगांची भीती कमी. धरण १९३१ च्या सुमाराला पुरं झालं आणि आजही पाणी धरून उभं आहे.

आता आमच्या चुरीकडे येते. आपल्या शहराच्या चारी बाजूंना काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट. क्रशरवर तो फोडला की चाळण्यांवरून वेगवेगळ्या मापाची खडी निघते, त्याखाली कच, आणि सगळ्यात शेवटी करड्या रंगाचा चुरा. वर्षानुवर्षं हा चुरा कोणाला नको होता. त्याचे ढीग लागायचे, वाऱ्याने उडून शेजारच्या कपाशीच्या पानांवर बसायचा, कामगारांच्या छातीत जायचा. दुसरीकडे गोदावरीची आणि तिच्या उपनद्यांची वाळू उपसून उपसून पात्रं खरवडली गेली. मग वाळू महागली आणि चुऱ्याला अचानक 'क्रश सँड' हे इंग्रजी नाव आणि भाव मिळाला!

हे ऐकल्यावर कोणालाही वाटेल की विश्वेश्वरय्यांनी विटेची पूड वापरली, आपण दगडाची वापरू, हिशेब सारखाच. तसं नाही. सुरखी चुन्याशी रिॲक्ट होते. बेसॉल्टचा चुरा बहुतांशी स्फटिक आहे. कितीही बारीक केला तरी तो सिमेंटचं काम करत नाही. तो वाळूची जागा घेऊ शकतो, पोकळ्या भरू शकतो, पण बाइंडर होऊ शकत नाही. जो ठेकेदार सिमेंट कमी करून त्या जागी करडी पावडर टाकतो, तो विश्वेश्वरय्यांचा वारसा चालवत नसतो. रंग सारखा असल्याने फक्त डोळ्यांना फसवत असतो.

वाळूऐवजी वापरतानाही अटी आहेत. चुऱ्याचे कण टोकदार आणि चपटे असतात, त्यामुळे काँक्रीट कमी सरकतं. लॅबमध्ये आम्ही स्लंप कोन उचलला की नुसत्या चुऱ्याचं मिक्स जागचं हलायचं नाही. साईटवर अशा वेळी काय करतात? पाणी ओततात! मेसच्या आमटीचं गणित तिथेही चालतं. पाणी वाढलं की ताकद कमी, हे सगळ्यांना माहीत आहे, तरी पाइप हातात असतोच. आमच्या बॅचमध्ये धुतलेला आणि नीट चाळलेला चुरा अर्ध्या वाळूऐवजी टाकला तेव्हा क्यूब वाळूवाल्या क्यूबच्या बरोबरीने टिकले. न धुतलेला चुरा पूर्ण वाळूऐवजी टाकला आणि स्लंपसाठी पाणी वाढवलं, तेव्हा मशीनचा काटा लवकर मागे फिरला. लॅबमधल्या मामांनी फुटलेल्या क्यूबकडे बघूनच ओळखलं की हा कुठल्या बॅचचा.

नियमही हेच सांगतात. आयएस ३८३ या कोडमध्ये ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण नैसर्गिक वाळूत ३ टक्क्यांपर्यंत आणि क्रश सँडमध्ये १५ टक्क्यांपर्यंत चालतात. जास्त सूट का? कारण दगडाची पूड आणि चिकणमाती यांत फरक आहे. दगडाची पूड बेताने असेल तर पोकळ्या भरते. चिकणमाती कणांवर थर धरून सिमेंटला चिकटूच देत नाही. पण क्रशरवाल्याने खाणीच्या वरचा मातीचा थर न काढता दगड फोडला, तर त्या १५ टक्क्यांत काय आलं हे नुसत्या चाळणीला कळत नाही. ते तपासावं लागतं.

हा प्रश्न माझ्या घरचाही आहे. माझ्या मावशीने कर्ज काढून घर बांधलं. ठेकेदाराने प्लास्टरला असाच न तपासलेला चुरा वापरला, पाणी मारायलाही कंजुषी केली. पहिल्याच उन्हाळ्यात भिंतींवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. पावसाळ्यात ओल आत आली. हप्ते अजून चालू आहेत आणि मावशी सगळ्यांना सांगते की क्रशचा माल घेऊ नका. तिचा राग मला कळतो. पण दोष चुऱ्याचा नव्हता. एक चाळणी, एक बादली पाणी आणि एक प्रामाणिक माणूस, एवढंच तिथे कमी पडलं होतं.

परत चरित्राकडे. १९१२ मध्ये विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण झाले. सहा वर्षांत बँक ऑफ म्हैसूर, म्हैसूर विद्यापीठ, बंगळूरचं इंजिनिअरिंग कॉलेज अशी कामं उभी राहिली. पहिल्या महायुद्धात चंदनाचं लाकूड परदेशी जायचं थांबलं, तेव्हा संस्थानातच चंदनाचं तेल काढायचा कारखाना निघाला. पुढे १९२३ पासून भद्रावतीच्या लोखंडाच्या कारखान्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तिथे दगडी कोळसा नव्हता म्हणून लाकडाचा कोळसा वापरायचे, आणि तो करताना निघणाऱ्या वाफांमधूनही रसायनं काढायचा प्लांट होता. जे सहज उडून गेलं असतं तेही धरून ठेवायचं, हीच वृत्ती.

आता दोन गोष्टी, ज्या १५ सप्टेंबरच्या भाषणात कोणी सांगत नाही. एक, कन्नंबाडी गाव त्या धरणाच्या पाण्याखाली गेलं, देवळासकट. लोकांना उठून दुसरीकडे जावं लागलं. आपल्या हॉस्टेलमध्ये गंगापूर, पैठणकडची मुलं आहेत, ज्यांच्या आजोबांचं शेत जायकवाडीत गेलं. त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. दोन, विश्वेश्वरय्यांनी दिवाणपद सोडलं ते १९१८ मध्ये, आणि त्यामागे एक मोठा मतभेद होता. ब्राह्मणेतर समाजाला सरकारी नोकऱ्यांत वाटा मिळावा म्हणून महाराजांनी मिलर समिती नेमली. विश्वेश्वरय्यांना तो मार्ग पटला नाही. नोकऱ्या गुणवत्तेवरच द्याव्यात असं त्यांचं मत होतं. महाराज आपल्या निर्णयावर ठाम राहिले. मला वाटतं, इथे त्यांचं मोजमाप अपुरं होतं. परीक्षेला बसलेल्यांचे मार्क मोजता येतात, पण ज्यांना परीक्षेपर्यंत येऊच दिलं नाही त्यांची ताकद त्या मार्कांत कुठे दिसते? ज्या ढिगाकडे कोणी बघितलंच नाही तो टाकाऊ, असं म्हणणं दगडाच्या बाबतीतही चूक आहे आणि माणसाच्या बाबतीत तर फारच. हे लिहिल्याने त्यांचा मोठेपणा कमी होत नाही. फोटोतला माणूस फक्त माणूस होतो.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. त्यांना फार मोठं आयुष्य लाभलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं, तेव्हा ते हयात होते. जिथे तरुणपणी त्यांनी दरवाजे बसवले तेच हे धरण. एप्रिल १९६२ मध्ये बंगळूरला त्यांचं निधन झालं.

पण सुरखीची गोष्ट तिथे संपली नाही. सिमेंट स्वस्त झालं तशी सुरखी मागे पडली. मग वीज केंद्रांच्या फ्लाय ॲशला तिची जागा मिळाली. परळीच्या राखेचे ढीग आपल्यातल्या अनेकांनी पाहिले असतील. पीपीसी सिमेंटच्या गोणीत अशीच राख असते. आणि २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने एका नव्या सिमेंटचं मानक काढलं, त्याला एलसी-थ्री म्हणतात. त्यात साधारण निम्मं क्लिंकर, ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के न भाजलेला चुनखडीचा चुरा आणि बाकी जिप्सम. स्वित्झर्लंड, क्यूबा आणि आपल्या आयआयटींमधल्या लोकांनी मिळून यावर काम केलं. भाजलेली चिकणमाती म्हणजे कोण? आपली सुरखीच की! नवीन काय, तर तिच्यातलं ॲल्युमिना चुनखडीच्या पुडीशीही रिॲक्ट होतं आणि पोकळ्या भरतं. क्लिंकरची भट्टी सुमारे १४५० अंशांना तापवावी लागते आणि चुनखडी भाजताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. निम्मं क्लिंकर कमी म्हणजे तेवढा धूर कमी.

आणि इथे दगडाच्या धंद्यातल्या टाकाऊ पुडीला खऱ्या अर्थाने सिमेंटमध्ये दार उघडतं. बेसॉल्टच्या नाही, चुनखडीच्या. आपल्या जुन्या घरांत असते ती शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचाच दगड. मार्बलही त्याच घराण्यातला. फरशी कापताना निघणारा पांढरट चिखल गटारात जातो तेव्हा घाण, आणि तपासून, वाळवून योग्य जागी गेला तर सिमेंटचा भाग. प्रत्येक पुडीचं गोत्र वेगळं. कुठली वाळूच्या जागी, कुठली सिमेंटच्या जागी आणि कुठली कुठेच नाही, हे आधी ओळखायला हवं.

मित्र-मैत्रिणींनो, वर्ष-दोन वर्षांत आपल्यातले कितीतरी जण साईटवर उभे असतील. ट्रक येईल, ठेकेदार घाईत असेल, दुपारचं ऊन असेल आणि कोणीतरी म्हणेल की टेस्ट कसली, सगळीकडे हेच चालतं. त्या वेळी विश्वेश्वरय्यांचं भाषण आठवायची गरज नाही. चुऱ्याची मूठ बादलीत टाकून पाणी किती गढूळ होतं ते बघा, चाळणी मागवा, सॅम्पल लॅबला पाठवा, पाण्याचा पाइप बंद करा. माल चांगला निघाला तर बिनधास्त वापरा, नदीची तेवढी वाळू वाचेल. वाईट निघाला तर ट्रक परत पाठवा आणि शिव्या खा. कारण त्या भिंतीआड कोणाची तरी मावशी पुढची वीस वर्षं हप्ते भरणार आहे.